चिपांचा उतारा आणि भागधारकांचा वाद
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



ट्रस्टच्या चिटणिसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी ‘संगणकाच्या चिपा’ असे सांगितले. त्यावर ते क्षणभर माझ्याकडे पाहातच राहिले. जन्मभर ज्याने खाणीवरची लाल माती वाळवली, चाळली आणि तपासली, त्याने चिपांवर बोलावे हे त्यांना विचित्र वाटले असल्यास नवल नाही. परंतु हा विषय मी शोधीत गेलो नाही. तोच माझ्या घरी चालत आला.

मागल्या वर्षी नव्या सोमवारच्या उत्सवाला माझी बहीण, तिचा मुलगा आणि जावई असे सारे डिचोलीला जमले होते. पालखी पाहून मध्यरात्री घरी परतल्यावर दोघा तरुणांत जो वाद जुंपला, तो पहाटेपर्यंत मिटला नाही. दोघेही बंगळूरला नोकरीस. भाचा म्हणे, इंटेल कंपनीचे शेअर घ्यावेत. ते आज पडलेले आहेत, उद्या उठतील. जावईबापू म्हणत, छे! एएमडी घ्या, इंटेलला कारखानाच नीट चालविता येत नाही. एकाच्या तोंडी ‘उतारा साठ टक्के’, तर दुसऱ्याच्या तोंडी ‘उतारा दहा टक्के’. रिझर्व्ह बँकेने परदेशी शेअर घेण्याची मुभा दिलेली असल्याने हा वाद केवळ बोलण्यापुरता नव्हता. वाद होता तो माझ्या बहिणीच्या पैशांचा. तिच्या यजमानांचे दोन ट्रक खनिजावर चालत. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या, मध्यंतरी काही काळ त्या चालल्या, आणि मार्च 2018 पासून पुन्हा बंद पडल्या. तेव्हा ट्रक विकून जे आले ते तिने मुदतठेवीत ठेवले. आता मुदत भरत आली होती. सकाळी चहाच्या वेळी ती मला म्हणाली, “दादा, हे दोघे ज्या उताऱ्यावरून भांडतात, तो तरी काय असतो ते मला सांग.”

उतारा हा शब्द तिला नवा नव्हता. धारबांदोड्याला संजीवनी कारखान्याचे गाळप चालू होते त्या काळी, शंभर किलो उसातून साखर किती उतरली, याची चर्चा आपण सर्वांनी ऐकली आहे. खाणीवर आम्ही हेच वेगळ्या रीतीने पाहात असू: इतका कच्चा माल धुतला, त्यातून विकण्याजोगा किती निघाला आणि चिखल होऊन बांधात किती गेला. चिपांच्या कारखान्यातला उतारा याहून निराळा नाही. फरक आहे तो मालाच्या किमतीत आणि चुकीच्या सूक्ष्मतेत.

गंमत अशी की चिप ज्यापासून होते ते सिलिकॉन आमच्या शत्रूच्याच घरचे. खनिजात सिलिकाचे प्रमाण वाढले की आमचा भाव कापला जाई; म्हणून प्रयोगशाळेत सिलिकाचा आकडा पाहाताना छातीत धडधडे. तीच सिलिका शुद्ध करीत करीत नव्याण्णवाच्या पुढे दशांश चिन्ह देऊन आणखी सात नवांपर्यंत नेली, की तिचे वितळवून गोल खांब ओढतात आणि त्याच्या पातळ चकत्या कापतात. या चकतीला वेफर म्हणतात. ती 300 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे जेवणाच्या मोठ्या ताटाएवढी, आणि जाडीला पाऊण मिलिमीटर. तिच्यावर प्रकाशाच्या साहाय्याने थरावर थर नक्षी उठवितात. शेकडो क्रिया, दोन-तीन महिन्यांचा काळ. शेवटी ताटातल्या वड्यांप्रमाणे ती चौकोनी तुकड्यांत कापली जाते. प्रत्येक वडी म्हणजे एक चिप.

आता या दोन-तीन महिन्यांत एखादा धुळीचा कण बसला, नक्षीची एखादी रेघ तुटली, किंवा दोन रेघा एकमेकींना चिकटल्या, की ज्या वडीवर तो दोष पडला ती वडी गेली. चकतीचा खर्च मात्र सारा तोच. म्हणून शंभरातल्या किती वड्या चांगल्या निघाल्या यावर कंपनीचा नफा-तोटा ठरतो. हाच तो उतारा.

येथवर बहिणीला पटले. पुढची गोष्ट मात्र मला कागदावर मांडून दाखवावी लागली, आणि तीच साऱ्या वादाचे मूळ आहे. दोष चकतीवर पावसाच्या थेंबांसारखे कोठेही पडतात. अंगणात लहान वाट्या मांडल्या तर अनेक वाट्या कोरड्या राहतील. परंतु मोठाली घमेली मांडली तर जवळजवळ प्रत्येकात एखादा तरी थेंब पडणारच. पाऊस तोच, अंगण तेच. एक चौरस सेंटीमीटरमागे सरासरी 0.4 दोष पडतात असे धरा. एक चौरस सेंटीमीटरची चिप करावयाची असेल, तर ढोबळ हिशेबाने शंभरातल्या 67 चांगल्या निघतील. एका ताटात अशा सुमारे 640 चिपा बसतात. म्हणजे 430 च्या आसपास हाती आल्या. त्याच कारखान्यात, त्याच दिवशी, सहा चौरस सेंटीमीटरची मोठी चिप केली, तर शंभरातल्या केवळ 9 चांगल्या! ताटात त्या बसतात 90 च्या आसपास. हाती लागल्या फक्त आठ. दोष 0.4 वरून 0.1 वर आणले तर लहान चिपांचा उतारा 90 वर जातो, आणि मोठ्यांचा 9 वरून एकदम 55 वर.

म्हणजे भाचा साठ म्हणत होता आणि जावई दहा म्हणत होते, ते दोघेही एकाच कारखान्याविषयी खरे बोलत असू शकतात. चिप केवढी, एवढेच दोघांनी विचारले नव्हते.

ही काल्पनिक कथा नव्हे. 2024 मध्ये इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी ‘18ए’ या नव्या उत्पादनपद्धतीत चौरस सेंटीमीटरमागे दोष 0.4 हून कमी असल्याचे सांगितले. पुढे डिसेंबर महिन्यात, ते पायउतार झाल्यावर, याच पद्धतीचा उतारा दहा टक्क्यांहूनही कमी असल्याची बातमी फिरली. गेल्सिंगर यांनी तिला उत्तर दिले ते असे की, चिपचा आकार न सांगता उताऱ्याचे टक्के सांगणे हे या धंद्याचे अज्ञान दाखविते. त्यांचा मुद्दा गणिताने बिनतोड आहे. पण म्हणून बातमी खोटी ठरते काय? तेही नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर एकाने ढेकळांचा नमुना काढला आणि दुसऱ्याने भुकटीचा.

नमुन्यावरून मला माझ्या धंद्यातली एक पद्धत सांगितली पाहिजे. सारमानसच्या धक्क्यावरून बार्ज भरत, मांडवीतून मुरगावला जात, आणि तेथून माल जहाजाने परदेशी जाई. त्या मालात लोह किती यावर पैसे ठरत. विकणारा म्हणे जास्त, घेणारा म्हणे कमी. एका टक्क्यात लाखो रुपये इकडचे तिकडे होत. म्हणून माल भरताना नमुना काढून, शंकू करून, त्याचे चार-चार भाग पाडीत तो लहान केला, की त्याची पाकिटे करीत. एक विकणाऱ्याचे, एक घेणाऱ्याचे, आणि एक मोहोर लावून ठेवलेले. दोघांच्या आकड्यांत फार अंतर पडले तर ते मोहोरबंद पाकीट तिऱ्हाइताकडे जाई, आणि तो सांगेल तो आकडा दोघांनी मान्य करावयाचा. आमची नोकरी टिकली ती या पाकिटामुळे. मालकाला खूष करण्यासाठी आकडा फुगविण्याचा मोह कोणाला होत नाही? पण ते पाकीट कपाटात बसलेले असे.

चिपांच्या वादात हे पाकीट नाही. कंपनी आपला उतारा सहसा सांगत नाही. सांगते तेव्हा तिला सोयीचा तेवढा. प्रतिस्पर्धी कंपनीचे हितचिंतक वाईट तेवढे सांगतात. आणि ज्यांनी शेअर घेतले आहेत ते, देवळातल्या भजनी मंडळांप्रमाणे, आपापल्या बाजूचा टाळ कुटीत बसतात. (भजनी मंडळाच्या सभासदांनी राग मानू नये, त्यांना निदान सम तरी सापडते.)

मग बाहेरच्याला काहीच कळत नाही काय? कळते, पण उशिरा आणि आडवळणाने. खाणमालकाने उत्पादन सांगितले नाही तरी रस्त्याकडेला उभे राहून ट्रक मोजता येतात. डिचोलीच्या माणसाला हे शिकवायला नको. तसे या कंपन्यांचे ट्रक मोजता येतात. इंटेलची दहा नॅनोमीटरची पद्धत 2016 च्या सुमारास येणार असे म्हटले जाई. ती लांबत गेली, आणि एप्रिल 2018 मध्ये कंपनीलाच सांगावे लागले की उतारा अपेक्षेप्रमाणे सुधारत नसल्याने मोठे उत्पादन 2019 वर गेले आहे. पुढची सात नॅनोमीटरची पद्धतही रखडली. तिचा उतारा ठरल्यापेक्षा सुमारे वर्षभर मागे असल्याची कबुली जुलै 2020 मध्ये आली, आणि 24 जुलैला एका दिवसात इंटेलचा भाव 16 टक्क्यांच्या आसपास कोसळला. एएमडीचा जवळजवळ तितकाच चढला. फेब्रुवारी 2022 मध्ये एएमडीचे बाजारमूल्य प्रथमच इंटेलहून अधिक झाले. ज्यांनी ट्रक मोजले, म्हणजे दिलेल्या तारखेला माल दुकानात आला की नाही एवढेच पाहिले, त्यांना 2020 च्या आधीच वास लागला असता. दुसरी खूण नफ्याच्या प्रमाणाची. शंभर डॉलरच्या विक्रीमागे इंटेलला ढोबळ नफा 2018 साली साठाहून थोडा अधिक होता, तो 2024 साली तेहतिसाच्या आसपास आला. त्यात यंत्रांची किंमत कमी करून लिहिल्याचाही भाग आहे, म्हणून सारा दोष उताऱ्यावर टाकता येत नाही.

एएमडीने काय केले ते ऐकण्यासारखे आहे. तिचेही पूर्वी स्वतःचे कारखाने होते. 2009 साली तिने ते वेगळे काढून दिले आणि ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी झाली. त्या कंपनीने 2018 साली सात नॅनोमीटरची धाव सोडून दिली. तेव्हा एएमडीने आपला पुढचा माल तैवानच्या टीएसएमसीकडून करून घेतला. ही टीएसएमसी मॉरिस चँग यांनी 1987 साली काढली, आणि तिचा नेमच असा की स्वतःची चिप विकायची नाही, दुसऱ्यांची करून द्यायची. जशी गिरणी दुसऱ्याचे दळण दळते. शिवाय एएमडीने मोठी चिप एकसंध करण्याचे सोडून लहान लहान चिपा करून त्या एकत्र जोडण्याचा मार्ग धरला. आपल्या बायका पत्रावळ लावतात तसे हे आहे. केळीच्या मोठ्या पानाला मध्ये चीर गेली तर ते पान बाजूला ठेवावे लागते; पत्रावळीतले एक पान किडके निघाले तर तेवढे टाकून दुसरे टोचता येते. मघाचा वाट्या-घमेल्यांचा हिशेब आठवा, म्हणजे यातली हुशारी लक्षात येईल.

आणि अर्धवट बिघडलेली चिप फेकून देतात असेही नाही. काजूच्या कारखान्यात अख्खा गर, पाकळी आणि तुकडा वेगळे करतात, आणि अख्ख्यातही पौंडाला किती बसतात यावरून प्रती लावतात. चिपांचीही अशीच निवड होते. एएमडीने 2008 साली तीन गाभ्यांचा प्रोसेसर विकला, तो मूळचा चार गाभ्यांचा. चौथा बंद करून ठेवलेला. तो घेणाऱ्याला कमी पैशात माल मिळाला आणि कंपनीचे ताट रिकामे गेले नाही. म्हणून नुसता उतारा सांगून भागत नाही. पाकळी धरून की सोडून, हेही विचारावे लागते.

आता कोणी म्हणेल, मग जावईबापू जिंकले. मीही तसेच समजत होतो. पण हाच हिशेब उलट बाजूनेही घडलेला आहे. 2006 च्या आरंभी एएमडीचा भाव चाळीस डॉलरच्या आसपास होता, आणि त्या वेळी इंटेल संपली असे सांगणारे पुष्कळ होते. 2015 साली तोच शेअर दोन डॉलरच्याही खाली आला. मधल्या नऊ वर्षांत ज्याने घर चालविण्याच्या पैशातून तो धरून ठेवला असेल त्याच्या मनःस्थितीची कल्पना करा. उलट ऑगस्ट 2024 मध्ये इंटेलने लाभांश थांबविण्याचे आणि 15,000 नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा एका दिवसात तिचा भाव चतुर्थांशाहून अधिक पडला. वर्षभराने, ऑगस्ट 2025 मध्ये, अमेरिकेच्या सरकारने वीस डॉलरच्या थोड्या वरच्या भावाने तिचा जवळजवळ दहा टक्के भाग घेतला, आणि वर्षअखेर भाव त्याच्या दीडपटीहून वर होता. ऑक्टोबरात 18ए वरचे उत्पादन ॲरिझोनाच्या कारखान्यात सुरू झाल्याचेही तिने सांगितले. भाचा हे सारे बोटांवर मोजून दाखवितो, आणि त्याचे खोटे नाही. फक्त, सरकार भाग घेईल हे कोणत्या उताऱ्यावरून कळले असते, असे मी विचारले तेव्हा तो गप्प झाला.

हा वाद सातासमुद्रापलीकडचा आहे असेही समजू नका. आपल्या डिचोलीतल्या कित्येक घरांत सेसा गोव्याचे शेअर होते. 2007 साली त्या कंपनीतला 51 टक्के हिस्सा जपानच्या मित्सुईकडून वेदांताकडे गेला. 2013 साली ती सेसा स्टरलाइट झाली आणि 2015 साली वेदांता लिमिटेड. खनिजावर पैसे घातलेली माणसे झोपेतून उठली तेव्हा त्यांच्याकडे जस्त, ॲल्युमिनियम आणि खनिज तेलाचे शेअर होते! 13 सप्टेंबर 2022 रोजी वेदांता आणि फॉक्सकॉन यांचा चिपांचा मोठा प्रकल्प गुजरातेत होणार असे जाहीर झाले. आकडा 1 लाख 54 हजार कोटींचा. हाच प्रकल्प पुण्याजवळ तळेगावला येणार अशी महाराष्ट्रात आशा होती, म्हणून तेथे राजकीय रणकंदन माजले. इकडे भागधारकांना वाटले, आपली कंपनी चिपा करणार; भाव चढला. दोनच दिवसांत कंपनीने बाजाराला खुलासा केला की हा प्रकल्प वेदांता लिमिटेडचा नसून वरच्या मूळ धारक कंपनीचा, व्होल्कनचा, आहे. भाव घसरला. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतले. एकही चकती कापली गेली नव्हती; उतारा तर दूरच. तरीही तीनशे दिवस आपल्या पेठेत चहाच्या दुकानांतून चिपांवर चर्चा चालू होती, आणि तीत मीही होतो.

गुजरातेत धोलेरा येथे टाटांच्या कारखान्याला केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये मंजुरी दिली. 91,000 कोटींचा खर्च, तैवानच्या पीएसएमसीचे तंत्र, आणि महिन्याला 50,000 चकत्यांची क्षमता असे त्याचे चित्र आहे. तेथे काम लागलेली गोव्याची मुले पुढे सुट्टीत घरी येतील तेव्हा त्यांना चकत्या किती असे विचारू नका. क्षमता म्हणजे किती बार्ज उभ्या राहू शकतात एवढेच. त्यांत चांगले किती भरले, हे विचारा. ती बहुधा सांगणार नाहीत, आणि सांगू नये अशी त्यांना ताकीदही असेल.

चिटणिसांनी मला आणखी एक प्रश्न लिहून दिला होता: आपल्या शिष्यवृत्ती निधीतून असे शेअर घेता येतील काय? याचे उत्तर सोपे आहे. धर्मादाय निधी कोठे ठेवावा याची यादी आयकराच्या कायद्याने आखून दिलेली आहे आणि अमेरिकेच्या चिपवाल्यांचे शेअर तिच्यात बसत नाहीत. तेव्हा निधी या वादापासून सुरक्षित आहे. घरच्या पैशाला मात्र असा कायदा नाही.

माझ्या बहिणीने काय केले ते सांगून थांबतो. दोघांना समोर बसवून तिने विचारले की तुम्ही सांगता ते आकडे कोणी मोजले, केवढ्या चिपचे मोजले आणि कोणत्या महिन्यात मोजले. एकाने एका वार्ताहराचे नाव सांगितले, दुसऱ्याने कंपनीच्याच अधिकाऱ्याचे. महिना कोणालाच सांगता येईना. तेव्हा ट्रकांचे पैसे तिने पुन्हा मुदतठेवीत ठेवले. मुलाला आणि जावयाला म्हणाली, तुमच्या पगारातून घ्या, हवे तितके घ्या, आणि दोघांनी दोन्ही कंपन्यांचे थोडे थोडे घ्या, म्हणजे नव्या सोमवारला माझ्या घरात भांडण नको. भाच्याने तिचे ऐकले. जावयांनी अजून ऐकलेले नाही. ते आज येथे बसलेले आहेत, त्यांना आपणच विचारावे.

पाने मांडल्याचे स्वयंसेवक मघापासून खुणावीत आहेत. कोणाचे प्रश्न असतील तर ते पंगतीत विचारावेत. येताना एक जुने नमुन्याचे पाकीट, मोहोर लागलेले, मी दाखविण्यासाठी बरोबर आणले आहे.